पुण्यात महिन्याला हजारेक किलोमीटर गाडी चालते. मारुतीच्या ग्रँड विटाराची हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरीवरची मोटर असलेली) घेतली तर जादा पैसे वसूल होतील का?

होतील, पण साधारण पाच वर्षांनी, आणि तेही तुमचं रनिंग मुख्यतः शहरातलं असेल तरच. कागदावरचं मायलेज लिटरला हायब्रिडचं 27.97 आणि साध्या पेट्रोल मॅन्युअलचं 21.11 किलोमीटर आहे. ट्रॅफिकमध्ये मात्र फरक याहून मोठा पडतो. सिग्नलला इंजिन बंदच असतं, मुंगीच्या पावलाने सरकताना गाडी बॅटरीवर चालते आणि ब्रेक दाबला की तीच बॅटरी चार्ज होते. शहरात पेट्रोल गाडीला 12 आणि हायब्रिडला 22 धरा, पेट्रोल 104 रुपये लिटर. महिन्याला 38 लिटर, म्हणजे जवळपास 3,950 रुपये वाचतात. ऑन-रोड किमतीत अडीच लाखांचा फरक असेल तर तो सव्वापाच वर्षांत भरून निघतो. (फरक एक्स-शोरूम नाही, ऑन-रोडच मोजा, आरटीओचा टॅक्स आणि इन्शुरन्सही किमतीबरोबर वाढतात.) हायब्रिड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे, त्यामुळे तोवर तिची धास्ती नको.

रनिंग महिन्याला पाचशेच असेल किंवा बहुतेक हायवेचं असेल, तर माझ्या मते साधी पेट्रोलच घ्या. एकसारख्या वेगात हायब्रिडचा फायदा बराच आटतो.