आई-वडिलांच्या युरोप प्रवासाचा विमा: आजाराचे कलम आधी वाचावे

आपला प्रश्न असा आहे की, आपले आई-वडील (वय ६६ आणि ७१) मे महिन्यात आपल्या बहिणीकडे म्युनिकला दोन महिने राहायला जाणार आहेत, वडिलांना रक्तदाब आणि मधुमेह आहे, आणि व्हिसासाठी लागतो तेवढा सर्वांत स्वस्त विमा घेतला तर चालेल का.

व्हिसा मिळण्यापुरते विचाराल, तर चालेल. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या सामाईक व्हिसाच्या नियमानुसार विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो, तो सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या संपूर्ण काळात लागू असावा लागतो, आणि तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च, तसेच आजारपणात किंवा मृत्यू ओढवल्यास मायदेशी आणण्याचा खर्च त्यात धरलेला असावा लागतो. वकिलात एवढेच पाहते. आपल्या वडिलांना मधुमेह आहे आणि पॉलिसीत मधुमेहातून उद्भवणारे आजारपण वगळलेले आहे, हे पाहण्याचे काम वकिलातीचे नाही. ते आपल्यालाच करावे लागते, आणि माझ्या मते ज्येष्ठांचा विमा निवडताना हप्ता किंवा मोठा छापलेला आकडा यांच्या आधी तेच करावे.

हे मी स्वानुभवावरून लिहिते आहे. २०१८ मध्ये मी आणि माझे यजमान मुलीकडे जर्मनीत गेलो होतो. प्रस्ताव अर्ज भरताना आमच्या गंगापूर रोडच्या घरी आलेल्या एजंटने सांगितले, “मॅडम, बीपीचं लिहू नका, उगाच प्रीमियम वाढेल आणि तपासण्या मागतील.” आम्ही ऐकले आणि ‘पूर्वीचा कोणताही आजार नाही’ या ओळीखाली यजमानांनी सही केली. तिथे पोहोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या छातीत दुखू लागले, तीन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले, आणि विमा कंपनीने नाशिकमधल्या आमच्या डॉक्टरांचे जुने कागद मागवले. त्यात नऊ वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू असल्याची नोंद होती. दावा नामंजूर झाला आणि सगळे बिल जावयांनी भरले. अर्जावरची सही आमचीच असल्यामुळे तक्रारीला जागा उरली नव्हती. त्यामुळे कळकळीने सांगते की, हप्ता वाढला तरी चालेल, पण वडिलांचे दोन्ही आजार, चालू औषधे आणि पूर्वीची शस्त्रक्रिया झाली असल्यास तीही अर्जात लिहा, आणि भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या. ऑनलाइन विमा घेतला तरी आपण दिलेली उत्तरे त्यात जशीच्या तशी उमटली आहेत ना, ते पाहा.

आजार लिहिल्यावर पुढचा प्रश्न येतो तो कंपनी त्या आजारासाठी नेमके काय देते हा. काही पॉलिसींमध्ये पूर्वीपासूनचा आजार संपूर्ण वगळलेला असतो. काहींमध्ये तो ‘जीवघेण्या आणीबाणीपुरता’ धरलेला असतो, आणि तोही मूळ विमा रकमेच्या बऱ्याच कमी मर्यादेपर्यंत. म्हणजे मुखपृष्ठावर एक लाख डॉलर लिहिलेले असले, तरी मधुमेहामुळे रुग्णालयात जावे लागल्यास मिळणारी रक्कम त्याच्या लहानशा हिश्शाइतकीच असू शकते. शिवाय असे संरक्षण बहुधा रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंतच चालते, पुढचे उपचार भारतात येऊन घ्यावेत असे गृहीत असते. नेहमीची तपासणी, संपलेली औषधे, दातांचे किंवा डोळ्यांचे नियमित काम यांपैकी काहीच त्यात बसत नाही. म्हणून औषधे संपूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी बरोबर द्या आणि औषधांच्या मूळ घटकांची नावे असलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठीही द्या.

वयाचाही वेगळा हिशेब असतो. अनेक योजनांमध्ये साठी ओलांडलेल्यांसाठी खोलीभाडे, शल्यचिकित्सकाची फी, भूल, चाचण्या अशा प्रत्येक बाबीला स्वतंत्र कमाल मर्यादा घातलेली असते, आणि सत्तरीनंतर बऱ्याच ठिकाणी योजनाच बदलते. आई-वडिलांसाठी एकच कौटुंबिक पॉलिसी घेण्याऐवजी दोघांच्या स्वतंत्र पॉलिसींचे दर आणि अटी शेजारी ठेवून पाहा. वडिलांच्या वयामुळे आईचे संरक्षण विनाकारण आखडू नये. बाबवार मर्यादा नसलेली योजना थोडी महाग मिळाली तरी मी ती निवडेन. रकमेबाबत म्हणाल, तर ३०,००० युरो ही व्हिसाची किमान अट आहे. हृदयविकार किंवा मेंदूतील रक्तस्रावानंतर अतिदक्षता विभागात बरेच दिवस राहावे लागले तर ती अपुरी पडू शकते, म्हणून एक लाख डॉलरच्या आसपासची रक्कम मला योग्य वाटते. आपली इथली मेडिक्लेम पॉलिसी साधारणपणे भारतापुरतीच असते, तिच्यावर विसंबू नये.

म्युनिकहून ते स्वित्झर्लंडला गेले तर अडचण नाही, कारण तो देश युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये आहे. लंडनला जाणार असतील तर मात्र फक्त शेंगेनपुरती पॉलिसी तिथे लागू होणार नाही. तारखा निघण्याच्या दिवसापासून परतण्याच्या दिवसानंतर चार-पाच दिवसांपर्यंतच्या घ्या.

सामान, विलंब वगैरेंबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्यांवरून पॉलिसी निवडू नये. बॅग न आल्यास विमानतळ सोडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी लागते. रोकड आणि दागिने सहसा धरलेले नसतात. नाशिककरांच्या उपयोगाची एक गोष्ट मात्र सांगायला हवी: कसारा घाटातल्या कोंडीत अडकून मुंबईचे विमान चुकले, तर बहुतेक पॉलिसी त्याची भरपाई देत नाहीत, कारण पहिल्या विमानाच्या विलंबामुळे पुढचे विमान चुकणे एवढीच बाब त्यांनी धरलेली असते. त्यामुळे घरून निघताना हाताशी भरपूर वेळ ठेवा.

२०२३ मध्ये आम्ही पुन्हा गेलो तेव्हा सर्व आजार लिहून, जास्त हप्ता भरून विमा घेतला. त्या वेळी रेल्वे स्थानकाच्या जिन्यावर पाय घसरून माझे मनगट मोडले. मुलीने रुग्णवाहिका बोलावल्यानंतर लगेच पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन करून दावा नोंदवला, आणि त्यामुळे रुग्णालयाचे बिल कंपनीने थेट भरले. दाव्यातली विमाधारकाने स्वतः भरायची सुरुवातीची ठरलेली रक्कम तेवढी आम्हाला द्यावी लागली. आधी उपचार आणि सावकाश कळवणे असे केले असते, तर आधी सगळे पैसे भरून नंतर कागद पाठवत बसावे लागले असते. आपल्या बहिणीच्या फोनमध्ये तो क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक आजच नोंदवून ठेवायला सांगा, आणि वडिलांच्या पाकिटातही त्याची चिठ्ठी असू द्या.

सगळे खरे लिहूनही दावा अडला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. तिने ती फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, वर्षभराच्या आत जाता येते. नाशिकसाठी लोकपालाचे कार्यालय पुण्याला आहे, ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, आणि त्यासाठी शुल्क किंवा वकील लागत नाही.

दोन-तीन कंपन्यांची माहितीपत्रके नव्हे, तर पॉलिसीची पूर्ण शब्दरचना मागवा. त्यातले ‘पूर्वीपासूनचा आजार’ हे कलम समजले नाही, तर ते जसेच्या तसे इथे लिहा. मी वाचून त्याचा अर्थ सांगेन.