काम आपल्याकडे, सही तिकडची

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार निवडलीत. इचलकरंजी, मिरज, पिंपळे सौदागर आणि चिपळूण, चारही ठिकाणचा प्रश्न फिरून एकाच जागी येतो, की आपण परदेशासाठी काम करतो किंवा परदेशात जाऊन करणार आहोत, तर त्यातून आपल्या स्वतःच्या हातात काय उरतं. मी स्वतः सीए, आधी गावात प्रॅक्टिस केली आणि नंतर बरीच वर्षं पुण्यात परदेशी फर्म्सचे हिशोब करणाऱ्या एका ऑफिसात काढली, त्यामुळं पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनी राग मानू नका.

ताई नमस्कार, मी इचलकरंजीची, वय २६. बी.कॉम झालं, आर्टिकलशिप पूर्ण केली, सीए फायनलचा एक ग्रुप निघाला, दुसरा दोनदा गेला. घरची परिस्थिती बघून पुण्यात अमेरिकन टॅक्सचं काम धरलं, आता तीन सीझन झाले. जानेवारी ते एप्रिल शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. पगार बरा आहे पण गावात कुणी विचारलं तू काय करतेस तर नीट सांगता येत नाही. आमच्या सरांना वाटतं मी सीए सोडून वाया गेले. टीम लीड म्हणतो ईए (अमेरिकन टॅक्सपुरता तिकडचा परवाना) कर, मैत्रिणी म्हणतात सीपीए (तिकडचा सीए) कर, आणि एआयमुळं हे सगळंच जाणार असंही ऐकते. कंपनी ईएची फी भरायला तयार आहे पण दोन वर्षांचा बाँड मागते. काय करू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

अगं, वाया काहीही गेलेलं नाही, हे आधी डोक्यातून काढ. गावात विचारलं तर सरळ सांग की अमेरिकेतल्या छोट्या धंदेवाल्यांचे टॅक्स रिटर्न मी करते. तिकडं गावोगावचे जुने सीपीए रिटायर होतायत, नवी मुलं त्या लाइनला कमी येतायत, आणि १५ एप्रिल ही रिटर्नची तारीख तर दरवर्षी येतेच, म्हणून ते काम पुण्यात, अहमदाबादला, कोचीला आलं. आपण हुशार म्हणून आलं आणि स्वस्त म्हणूनही आलं, दोन्ही खरं आहे आणि दोन्ही लक्षात ठेवायचं.

आता एक गोष्ट तुझ्या रोजच्या नजरेखाली आहे. तुझ्या स्क्रीनवर करदात्याचा सोशल सिक्युरिटी नंबर झाकलेला असतो ना? तिकडच्या कायद्यानं रिटर्नची माहिती देशाबाहेर पाठवायला क्लायंटची लेखी संमती लागते आणि तो नंबर तर सहसा पाठवताच येत नाही, त्यासाठी वेगळे कडक नियम आहेत. म्हणजे रिटर्न उभं करतेस तू, व्यक्तीचा फॉर्म १०४० तू भरतेस, त्याच्या धंद्याच्या नफ्या-तोट्याचं शेड्यूल सी तू जुळवतेस, पण तिथला सीपीए ते तपासतो, सही त्याची, जबाबदारी त्याची आणि क्लायंटही त्याचाच. जागतिकीकरणात काम हजारो मैल सहज फिरतं पण लायसन आणि सही जागची हलत नाही. आमच्या ऑफिसात मुली सहा-सहा वर्षं उत्तम काम करायच्या आणि सातव्या वर्षी बाहेर इंटरव्ह्यूला गेल्या की सांगायला फक्त सॉफ्टवेअरचं नाव आणि रिटर्नचा आकडा असायचा, मला तेव्हा फार वाईट वाटायचं आणि आजही वाटतं, कारण त्यांना पुढची पायरी दाखवणं हे आमचं काम होतं, ते आम्ही वेळेवर केलं नाही.

ती पायरी म्हणजे प्रिपेअररची रिव्ह्यूअर होणं, रिटर्न भरणारीची तपासणारी होणं. एआयची भीती इथंच तपासून बघ. डब्ल्यू-टू आणि १०९९ (पगाराचे आणि इतर कमाईचे फॉर्म) वाचून आकडे टाकायचं काम सॉफ्टवेअर करतंच आहे, ते आणखी करेल, त्या कामावर करिअर बांधू नकोस. पण गाडीचा खर्च धंद्याच्या मानानं जास्त दिसतोय, गेल्या वर्षीचा तोटा यंदा पुढं ओढलाच नाही, भागीदाराचा वाटा दाखवणाऱ्या के-वनवरचा आकडा त्याच्या बेसिसशी, म्हणजे धंद्यात अडकलेल्या रकमेशी, जुळत नाही, हे ज्याला खटकतं तो माणूस लागणार आहे. म्हणून येत्या सीझनला मॅनेजरकडं हट्ट धर की मला भागीदारी आणि एस-कॉर्पोरेशनची (ज्यांच्या नफ्यावरचा टॅक्स मालक स्वतः भरतात अशा कंपन्यांची) रिटर्न द्या, १०६५ आणि ११२०-एस. त्यांची तारीख १५ मार्च, त्यामुळं फेब्रुवारीत हाल होतील, पण शिकायला मिळतं ते तिथंच.

परीक्षेचं माझं मत स्पष्ट आहे. ईए आधी कर. तीन पेपर, व्यक्तींचा टॅक्स, धंद्यांचा टॅक्स आणि प्रतिनिधित्वाचे नियम, प्रत्येकी १०० प्रश्न आणि साडेतीन तास, पदवीची अट नाही, परीक्षा भारतात देता येते आणि मे ते फेब्रुवारी खिडकी उघडी असते. तू जे रात्री करतेस तेच पुस्तकात आहे. पास होऊन नोंदणी झाली की आयआरएससमोर, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्यासमोर, करदात्याची बाजू मांडायचा अधिकार मिळतो, आणि तो तुझ्या नावावर असतो, कंपनीच्या नाही. सीपीए भारतात २०२० पासून देता येतो हे खरं, पण त्याला साधारण १५० क्रेडिट लागतात, नुसत्या बी.कॉमवर बऱ्याचदा भागत नाही, खर्च मोठा आणि लायसनसाठी अनुभवाच्या अटी वेगळ्या, तर ते आत्ता नको.

आणि सीए? सोडू नकोस ग. १५ ऑक्टोबरची मुदतवाढ घेतलेल्या रिटर्नची गर्दी संपली की नोव्हेंबर-डिसेंबर जरा श्वास मिळतो आणि मे ते ऑगस्टही मोकळे असतात, यंदाचे मे-ऑगस्ट ईएला दे, पुढच्या वर्षीचे उरलेल्या ग्रुपला. एका पेपरात ६० मिळाले तरी त्याची सूट पुढं चालते, म्हणजे थोडं थोडं करूनही गड चढता येतो. आपल्या देशात ऑडिटवर सही करायचा हक्क त्या एका सर्टिफिकेटनंच मिळतो, आणि तुझ्या सरांचा राग त्याच काळजीपोटी आहे, त्यांना जाऊन भेट.

बाँड वाच, घाईत सही करू नकोस. तू नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत जाऊ नये अशी अट करार कायद्याच्या कलम २७ पुढं टिकत नाही, पण ट्रेनिंगचा खर्च किंवा ठरावीक भरपाई परत मागणं ही वेगळी गोष्ट आहे, ती टिकू शकते. मे २०२५ मध्येच सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा आणि २ लाखांचा बाँड योग्य ठरवलाय. माझ्या मते फीएवढ्याच रकमेचा एक वर्षाचा बाँड ठीक, दोन वर्षं आणि वर अव्वाच्या सव्वा आकडा असेल तर फी स्वतःच भर.

रात्रीचं शेवटचं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि जाण्या-येण्याची सोय हवी असं आहे. कॅब चौकात सोडते की दारात, हे बघ आणि दारात सोडत नसेल तर लेखी मेल टाक.

ताई, मी मिरजेहून लिहितोय. मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाली, इथल्याच एका हॉस्पिटलात तीन वर्षं काम करते, पगार सांगायची लाज वाटावी असा आहे. जर्मनीला नर्स पाहिजेत म्हणून एका एजंटकडं गेलो, तो साडेचार लाख मागतो आणि म्हणतो जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत पुरे, बाकी तिकडं गेल्यावर होतं. शेत गहाण ठेवावं का?

भाऊ, शेत गहाण ठेवू नका. आणि मुलीला थांबवूही नका.

त्या एजंटला एकच विचारा, परराष्ट्र मंत्रालयाचा रजिस्ट्रेशन नंबर काय. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानं परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे, ती ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या तपासता येते, आणि असा नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून सेवेचे ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, इतकंच घेऊ शकतो. क्लासची फी, कागदांचं भाषांतर हे वेगळं, पण त्याच्या सगळ्याच्या स्वतंत्र पावत्या हव्यात. साडेचार लाख कसले ते लिहून मागा, तिथंच बरंच कळेल.

भाषेचं त्यानं अर्धं सांगितलं. बी-वनवर जाता येतं काही वेळा, पण तिकडं पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-टू, म्हणजे त्याच्या वरची पातळी, लागते आणि आपल्या डिप्लोमाची त्यांच्या अभ्यासक्रमाशी तुलना होऊन जो फरक निघेल त्यासाठी अॅडाप्टेशन कोर्स किंवा परीक्षा द्यावी लागते. तोपर्यंत ती मदतनीस म्हणून काम करेल, पगार कमी. हा काळ किती आणि तेव्हा पगार किती, हे करारात जर्मन आणि इंग्रजी दोन्हीत असल्याशिवाय सही नको. म्हणून मी तर म्हणेन बी-टू इथंच करून जाऊ दे, वर्ष-दीड वर्ष जाईल पण ती तिथं पहिल्या दिवसापासून खाली मान घालून राहणार नाही. भाषेचा दाखला आणि मान्यतेचा कागद एकदा तिच्या नावावर झाला की उद्या मालक पटला नाही तर ती हॉस्पिटल बदलू शकते.

आणखी एक, जे एजंट सांगत नाहीत. आपल्याकडं पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे नातेवाईक नाहीतर आया-मावशी करतात, जर्मनीत ते नर्सचंच काम आहे. आपल्या बऱ्याच मुली तिथं जाऊन यानंच खचतात, आपल्याला खालचं काम दिलं असं वाटून. तिला आधीच सांगा आणि तिथं आधी गेलेल्या एखाद्या मुलीशी तासभर बोलू द्या. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला होता, जर्मन सरकारचा ट्रिपल विन नावाचा कार्यक्रमही आहे, त्यात उमेदवाराकडून नोकरी लावायचे पैसे घेत नाहीत. अर्ज कुठं सुरू आहेत ते आधी बघा, एजंट नंतर.

ताई, पिंपळे सौदागरहून. मी ४७ वर्षांचा. हिंजवडीत एका सर्व्हिस कंपनीत २२ वर्षं, त्यातली १७ एकाच युरोपियन बँकेच्या पेमेंट सिस्टिमवर. आता त्या बँकेनं पुण्यातच स्वतःचं सेंटर उघडलं आणि काम आमच्याकडून काढून घेतलं. मी चार महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, आहे, एचआर म्हणतं स्वतःहून राजीनामा द्या म्हणजे रेकॉर्ड चांगलं राहील. घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी बारावीला.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. राजीनामा त्या मीटिंगमध्ये, त्याच दिवशी देऊ नका. विचार करतो म्हणा, आणि जे बोलणं झालं ते शांतपणे मेलवर लिहून पाठवा. ग्रॅच्युइटी तुमची आहेच, राजीनामा दिला तरी आणि काढलं तरी, शेवटच्या महिन्याच्या पगाराला (कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे, मुख्यतः बेसिक आणि महागाई भत्ता) १५ नं गुणून २६ नं भागायचं आणि गुणिले वर्षं, कायद्यानं मर्यादा २० लाख. पण नोटीस पिरियडचा पगार, वर काही महिन्यांची भरपाई, हे सगळं सही करायच्या आधीच बोलायचं असतं, नंतर कुणी फोन उचलत नाही. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो, त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेऊन जुना काळ पुढं धरता येतो का हे आत्ताच विचारा, वय ४७ आहे.

आता मुख्य गोष्ट. परदेशी कंपन्यांच्या अशा स्वतःच्या सेंटरना जीसीसी म्हणतात, आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉमच्या हिशोबानं २०२४ पर्यंत देशात १७०० च्या वर होती आणि १९ लाख माणसं त्यात होती. वाय-टू-केच्या, म्हणजे सन २००० च्या तारखांच्या घोळाच्या, वेळी परदेशी कंपन्या आपल्या कंपन्यांकडून माणसांचे तास विकत घेत होत्या, आता त्या मधल्याला बाजूला करून स्वतःच इथं ऑफिस थाटतायत. तुमचं नुकसान झालं ते या बदलानं, तुमच्या कामानं नाही. आणि त्या नव्या सेंटरला नेमका कोण लागणार? ज्याला १७ वर्षांत ती सिस्टिम कुठं कुठं अडकते हे पाठ आहे तोच. तुमच्या कंपनीच्या आणि बँकेच्या करारात माणसं न घेण्याचं कलम असू शकतं, ते कंपन्यांनी एकमेकींत केलेलं असतं, तरी विचारायला काहीच हरकत नाही.

रेझ्युमेवरून टूल्सची यादी खाली न्या. वर लिहा की बँकांमधल्या स्विफ्ट जाळ्याचे पेमेंट मेसेज, युरोपातली सेपा पेमेंट, रात्रीचं सेटलमेंट, आणि मेसेजच्या जुन्या फॉरमॅटवरून आयएसओ २००२२ या नव्या फॉरमॅटवर जाणं, यातलं मी काय काय केलं. हे ज्ञान त्या एका बँकेचं नाही, दुसऱ्या बँकांना लागतं आणि आपल्या देशातल्या पेमेंट कंपन्यांनाही लागतं. पगार थोडा कमी मिळाला तरी घ्या, हप्ता भागतोय एवढं बघून. आणि घरी सांगा हो, बारावीच्या मुलीला कळतं सगळं, बाबा रोज लॅपटॉप घेऊन निघतात आणि चेहरा असा का, हे तिला केव्हाच दिसलेलं असणार.

चिपळूणहून. मी घरून एका कॅनडाच्या कंपनीसाठी टेक्निकल लिखाण करते, डॉलरमध्ये पैसे येतात, वर्षाला १४ लाख. आई-बाबा म्हणतात ही नोकरी नव्हे. जीएसटी लागतो का?

सेवेच्या उलाढालीची मर्यादा सर्वसाधारणपणे २० लाख आहे, तुम्ही खाली आहात. वर गेलात की नोंदणी करा आणि एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) भरा, निर्यात असल्यानं त्यावर कर शून्य. पैसे बँकेतून रीतसर येऊ द्या, प्रत्येक रकमेचा रेमिटन्सचा दाखला डाउनलोड करून ठेवा. रिटर्न दरवर्षी वेळेवर भरा, कारण उद्या घरासाठी कर्ज मागाल तेव्हा बँक दोन-तीन वर्षांची रिटर्नच बघेल. पीएफ कुणी कापत नाही म्हणून महिन्याला ठरावीक रक्कम पीपीएफ किंवा एनपीएसला तुम्हीच टाका, एकाच कंपनीवर सगळं अवलंबून आहे म्हणून सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा आणि दुसरा क्लायंट शोधायला आजच लागा. आई-बाबांना या वर्षीचं भरलेलं रिटर्न दाखवा.