घरातले डबे-माठ वाजवून कॉम्प्युटरवर ताल बनवतो, पण आवाज पोकळ आणि यंत्रासारखा येतो. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की स्टीलचा डबा, पाण्याचा माठ आणि करवंट्या वाजवून मोबाइलवर घेतल्या, कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीत (आवाज कापण्या-जोडण्याचा प्रोग्राम) तोडल्या, केहरव्यात (आठ मात्रांचा ताल) बसवल्या. तर आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा वाटतो आणि ताल 'खेळण्यातल्या कीबोर्डसारखा'. आणि शेवटी विचारलंय, चांगला माइक घेऊ का?

आत्ता नका घेऊ. तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि दोन्ही माइकने सुटणाऱ्या नाहीत. पहिलीचं मूळ खोलीत आहे. दुसरीचं, तुम्ही प्रत्येक वस्तूचा एकच ठोका घेऊन तोच चिकटवत गेलात त्यात.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. व्यवसायाने साउंडवाला नाही, पण गावच्या जत्रेतल्या नाटकाचं पार्श्वसंगीत गेली बरीच वर्षं माझ्याच गळ्यात पडतंय. जत्रेच्या नाटकाला पैसे किती जमतात ते गोव्यातल्यांना सांगायला नको. ढोलवाले परवडले नाहीत की पाण्याचं पिंप वाजतं. त्यामुळे जे सांगतोय ते फजित्यांतून शिकलेलं आहे.

आधी खोली. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर कापायला ३ मिलिसेकंदांच्या आसपास. फोन टेबलावर दोन हात लांब ठेवून डबा वाजवलात की थेट आवाज पोचतो न पोचतो तोच फरशीवर, भिंतीवर, खिडकीच्या काचेवर आपटलेला आवाज त्याच्या पाठोपाठ येऊन मिसळतो. समोर बसून ऐकताना आपल्याला ते जाणवत नाही, कारण मेंदू गाळून घेतो. फोन गाळत नाही. आणि फाइलीत एकदा शिरलेली खोली पुढे कुठल्याही इफेक्टने नीट बाहेर निघत नाही. म्हणून फोन वस्तूपासून एक वीत अंतरावर आणा, जरा तिरका धरा. माठाच्या किंवा घुमटाच्या (आमच्याकडचं, मडक्याला चामडं लावून केलेलं वाद्य) तोंडासमोर सरळ धरू नका. थापेसरशी तिथून हवेचा झोत येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये 'भप्प' असं काहीतरी उमटतं.

टाइल्सचा मोकळा हॉल या कामाला सगळ्यात वाईट. मी आमच्या जुन्या घरातल्या कोठीच्या खोलीत बसतो. भिंतीला तांदळाची पोती, खाली दुमडलेली गोधडी, वर कौलं. पोती आवाज गिळतात. तुमच्याकडे पोती नसतील तर कपड्यांनी भरलेलं कपाट सताड उघडा आणि त्याच्याकडे तोंड करून वाजवा, पाठीमागे दोरीवर चादर टाका. पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद (आणि नंतर आठवणीने चालू, आमच्याकडे एकदा अख्खे बांगडे वाया गेले). लॅपटॉपवर थेट रेकॉर्ड करत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर करा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची घरघर ५० आणि १०० हर्ट्झवर बसते आणि नेमकी खर्जाच्या आवाजात लपते. पावसाळ्यात कौलाखाली रेकॉर्डिंग होतच नाही, ते सोडूनच द्या. पहाटे शांत असतं म्हणून बसाल तर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू. माझ्याकडे एक अप्रतिम परातीचा ठोका आहे, त्याच्या शेपटात पोदेर आहे.

फोनमधलं साधं रेकॉर्डर ॲप बोलण्यासाठी बनवलेलं असतं. ते स्वतःहून आवाज कमी-जास्त करतं, आजूबाजूची खसखस दाबतं. त्यामुळे ठोका पडला की पातळी खाली जाते आणि मग हळूहळू वर चढते, कोणी धापा टाकत असल्यासारखी. वेव्ह फाइल (न दाबलेला, पूर्ण आवाज) देणारं आणि हे आपोआप चालणारं प्रकरण बंद करता येणारं ॲप घ्या. सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ पुरे. २४ बिट मिळालं तर उत्तम, एका मिनिटाच्या मोनो फाइलीला ८ एमबीच्या आसपास जागा लागेल. सगळ्यात जोराचा ठोका ॲपच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा (तिथे शून्य म्हणजे कमाल पातळी). ठोका शून्याला टेकला की लाटेचं डोकं सपाट कापलं जातं आणि पापड मोडल्यासारखा कर्र आवाज येतो. तो दुरुस्त होत नाही. पुन्हा वाजवायचं.

आता दुसरी तक्रार. चवथीला घुमट-आरती जवळून बघितली असेल तर आठवा. उजवा हात चामड्यावर, डावा तळवा मागच्या उघड्या तोंडावर उघडझाप करत असतो, आणि त्या उघडझापीवर खर्ज हलतो. बाजूला शामेळ (काठ्यांनी वाजवायचं नगाऱ्यासारखं छोटं वाद्य), झांज. आमच्या शेजारचे एक काका घुमट वाजवतात. त्यांना मी एकदा म्हटलं, एकच 'घुम्' द्या, नीट, सारखा, बारा वेळा. त्यांनी बारा वेळा दिला. कॉम्प्युटरवर बारा लाटा एकाखाली एक लावल्या तर दोनही एकसारख्या नव्हत्या. एकीत चामडं आधी, एकीत हवा आधी, एकीत अंगठीचा बारीक टक्. काकांना दाखवलं तर म्हणाले, सारखेच तर आहेत. कानाला सारखे, पण एकच नव्हेत. तुमच्या तालात डब्याचा तोच ठोका आवर्तनात सोळा वेळा येतो आणि दुसऱ्या आवर्तनातच कान तो पकडतो. साउंडवाले याला मशीनगन म्हणतात.

तेव्हा एका वस्तूचे निदान बारा ठोके घ्या. हलके चार, मध्यम चार, जोराचे चार. जमलं तर मधोमध आणि कडेवर वेगळे. हलका ठोका हवा म्हणून जोराच्याच ठोक्याचा व्हॉल्यूम कमी करू नका. हलक्या हाताने वाजवलं की आवाजाचा पोतच बदलतो, वरचे तीक्ष्ण सूर उठतच नाहीत. प्रत्येक ठोक्यानंतर मनात पाच आकडे मोजा, नाद पूर्ण विरू द्या. पितळी तांब्याला पाच पुरत नाहीत, दहा मोजा.

तांब्यावरून सांगतो, हा खेळ आज रात्रीच करून बघा. तांब्यात थोडं थोडं पाणी घालत चमच्याने कडेवर वाजवा, स्वर उतरत जाईल, कारण हलणाऱ्या धातूला पाण्याचं ओझं होतं. जलतरंगात हेच चालतं. आता त्याच तांब्याच्या तोंडावर तळहाताने थाप मारा. पाणी वाढेल तसा स्वर चढेल, कारण इथे आतली हवा बोलते आणि ती कमी होत जाते. तोंड उघडं असलेल्या पोकळीतल्या हवेचं हे गणित हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवलंय, आणि घुमटवाल्यांचा डावा तळवा तेच करतो: तोंड लहान केलं की स्वर खाली. म्हणजे एका तांब्यातून तुम्हाला सुरात लावलेले टणत्कारही मिळतात आणि थापाही. पैसे शून्य.

घुमट घेणार असाल तर एक अडचण सांगून ठेवतो. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं लावतात, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं तेही या बदलानंतरच. कातडं कुठलंही असो, दमट हवेत सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी उन्हात किंवा विस्तवाजवळ धरतात. पण तापवल्यावर चढलेला स्वर अर्ध्या तासात उतरू लागतो. बाराही ठोके एका बैठकीत उरका. काल पाच, आज सात असं केलंत तर ती दोन वेगळी वाद्यं होतील.

कॉम्प्युटरवरचं काम म्हणजे नव्वद टक्के तोडणं. सगळी बैठक एकाच लांब फाइलीत असू द्या. ऑडॅसिटीत एकेक ठोका निवडायचा, कंट्रोल-बी दाबून लेबल द्यायचं, आणि शेवटी लेबलांप्रमाणे सगळ्या फाइली एकदम एक्स्पोर्ट करायच्या. लेबलाला नीट नाव द्या, 'डबा-कड-हलका-३' असं. 'आवाज-१७' म्हणजे काय ते आठवड्याने ब्रह्मदेवालाही कळत नाही.

तोडताना सुरुवात जपा. पॅरिसमध्ये रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफरने १९४८ च्या सुमारास घंटेच्या रेकॉर्डिंगमधून फक्त सुरुवातीचा आघात काढून टाकला, तर उरलेला नाद घंटेचा वाटेनाच, फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा वाटायला लागला. वस्तू कोणती ते कान पहिल्या काही मिलिसेकंदांत ठरवतो. म्हणून भरपूर झूम करा, लाट जिथे उठते तिच्या किंचित आधी काप घ्या, झेड दाबून काप शून्यरेषेवर आणा, नाहीतर टिक् येते. शेपूट ताडकन तोडू नका, फेड-आउट द्या.

आणि ठोक्याच्या आधी शांतता शिल्लक ठेवू नका. हे मी फजिती करून घेऊन शिकलोय. एका नाटकात तिसऱ्या अंकात बाप मुलाच्या थोबाडीत मारतो. आवाज माझा, ओला पंचा पोळपाटावर आपटून केलेला, घरी ऐकला तर अंगावर काटा. फाइलीच्या सुरुवातीला पाव सेकंद शांतता राहिली होती. रंगमंचावर हात गालाला लागला, मुलगा कोलमडला, आणि मग 'फाट्'. पुढच्या रांगेत पोरं बसली होती. त्यानंतर त्या नाटकात कोणी रडलं नाही. ज्याने बापाचं काम केलं होतं तो अजून मला भेटला की आधी गालाला हात लावतो आणि मग थांबून 'फाट्' म्हणतो.

नॉइज रिडक्शनचा (खसखस काढणाऱ्या इफेक्टचा) मोह तुम्हाला झालेला दिसतोय, कारण तुम्ही पाठवलेल्या वर्णनात 'शेपूट पाण्याखाली गेल्यासारखं' असं आहे. ते त्याचंच. सहा डेसिबलपर्यंत ठीक, त्यापुढे ते खसखशीबरोबर नादही खातं. ठोक्याच्या आवाजात थोडी खसखस तालात ऐकूसुद्धा येत नाही. करवंट्या, काजूबियांचा डबा, सुकलेली सुपारी असल्या बारीक आवाजांना ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, टेबलाची धडधड जाईल. माठाला आणि घुमटाला हे करू नका, त्यांचं पोट तिथेच आहे. डबा 'खोक्यात' वाटत असेल तर ३०० ते ५०० हर्ट्झमध्ये तीन-चार डेसिबल उतरवा. बस.

एक गंमत मात्र जरूर करा: कुठलाही आवाज निम्म्या वेगाने चालवा, तो एक सप्तक खाली येतो. चहाच्या पत्तीचा डबा ढोल होतो. आमच्या शिगम्याच्या प्रवेशातला ढोल हा चहाचा डबा आहे हे दिग्दर्शकाला अजून माहीत नाही.

ताल बसवायला हायड्रोजन नावाचा प्रोग्राम फुकट आहे, त्यात एकाच वाद्याला हलके-जोराचे थर देता येतात, म्हणजे तुमचे बारा ठोके तिथे कामी येतील. मिनिटाला १०० मात्रा धरल्या तर एक मात्रा ६०० मिलिसेकंद आणि पाव मात्रा १५०. प्रोग्राम प्रत्येक ठोका त्या रेघेवर काटेकोर ठेवतो. सम, म्हणजे पहिली मात्रा, रेघेवर राहू द्या, बाकीचे आठ-दहा मिलिसेकंद मागे-पुढे सरकवा. पण वाटेल तसे नको. आधी मांडीवर तोच केहरवा वाजवून रेकॉर्ड करा आणि तुमचा हात कुठे रेंगाळतो ते बघून तेवढंच सरकवा. माझा हात पाचव्या मात्रेला नेहमी किंचित उशिरा पडतो. मी तो तसाच ठेवतो.

सगळं बसलं की शेवटी सर्व आवाजांवर मिळून एकच हलका रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमारा देणारा इफेक्ट) द्या. खोली घालवायला एवढा खटाटोप केला आणि आता खोलीच परत आणायची, हे विचित्र वाटेल, पण ही खोली सगळ्यांची एकच असते आणि नको असेल तेव्हा काढता येते.

डब्याचे बारा ठोके घेतलेत की कुठलाही इफेक्ट न लावता वेव्ह फाइल पाठवा, ऐकून सांगतो. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून नको, तिथे ती दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून जोडा. आमची जत्रा तोंडावर आहे, त्यामुळे उत्तराला आठवडाभर उशीर होईल.