देणगी फिल्टरला, उभी राहिली कमान

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. आईच्या स्मरणार्थ गावच्या शाळेत पिण्याच्या पाण्याचं मशीन बसवावं, असं पत्र देऊन संस्थेला एनईएफटीने ५१ हजार दिले. पावती 'सर्वसाधारण देणगी'ची आली आणि पैशात प्रवेशद्वाराची कमान झाली. वर न विचारता माझा फोटो, रकमेसकट, चौकातल्या फ्लेक्सवर. आता उसनवार मागणारे दारात येतात आणि संस्थेचे 'अजून काही द्या' म्हणून फोन चालूच. पैसे परत मिळतील का?

उत्तर : भाऊ, परताव्याच्या मागे लागू नका. मन बदललं म्हणून देणगी मागे घेता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२६ त्या बाबतीत कडक आहे. पण तुमचं गाऱ्हाणं मन बदलल्याचं नाहीच. पैसे ठराविक कामासाठी दिले होते, आणि ते काम परस्पर बदलायचा अधिकार संस्थेच्या अध्यक्षांना नाही.

सगळी मदार त्या पत्रावर आहे. तुमच्या प्रतीवर संस्थेचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आहे का? नसेल तर बँकेच्या उताऱ्यातला शेरा आणि अध्यक्षांशी झालेलं व्हॉट्सअॅप जपा. पावती घेताना तुम्ही हरकत घेतली नाही, हे समोरचा वकील काढणारच. पण पावती त्यांनी लिहिली, पत्र तुम्ही.

आधी स्पीड पोस्टने पत्र टाका : रक्कम कोणत्या खाती जमा केली, कमानीचा ठराव कधी झाला, पंधरा दिवसांत कळवा. सोबत जळगावच्या धर्मादाय कार्यालयात संस्थेच्या लेखापरीक्षित हिशेबाच्या नकलेसाठी अर्ज करा. उत्तर आलं नाही तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ब खाली चौकशीची तक्रार करा, आणि विश्वस्तांना निर्देश द्यावेत म्हणून ४१अ खाली मागणी करा. इथे एक खोच आहे. तक्रारदार 'हितसंबंधित व्यक्ती' असावा लागतो आणि कलम २(१०) च्या व्याख्येत देणगीदाराचा वेगळा उल्लेख नाही. म्हणून त्या शाळेत मूल शिकणारा एखादा पालक सहअर्जदार घ्या.

पोलिसांत जाण्याची घाई नको. पैसा कुणाच्या खिशात गेला नाही, कमान डोळ्यांसमोर उभी आहे. ठाण्यात 'हा दिवाणी मामला' म्हणून परत पाठवतील.

फ्लेक्स काढा आणि पुन्हा फोन करू नका, हे लेखी कळवा. फ्लेक्सला ग्रामपंचायतीची परवानगी होती का, तेही विचारा. देणगीदाराचा आकडा चौकात मांडणं मला तरी सरळ असभ्यपणा वाटतो, मग हेतू गौरवाचा का असेना.

(देणगीवरच्या आयकर सवलतीत डोकं घालू नका. शेतीचं उत्पन्न करमुक्तच आहे.)

बहुधा पहिल्याच नोटिशीनंतर संस्था तडजोडीला येईल. तेव्हा मशीन कधी बसणार, याचा ठराव लेखी घ्या आणि त्यात फिल्टर बदलण्याचा, देखभालीचा खर्च संस्थाच करील, हेही लिहून घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी फोन त्यासाठीच येईल.