धर्मभगिनींच्या नव्या संघाचे मार्गदर्शन

प्रिय फादर, शिक्षिका धर्मभगिनींच्या नव्या संघाची जबाबदारी आपल्याकडे आली आहे, तेव्हा आधी फादर ज्युलियन टेनिसन वुड्स यांचे उदाहरण अभ्यासावे. १८६६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील पेनोला येथे पुढे धर्मभगिनी झालेल्या मेरी मॅकिलॉप यांच्यासह जुन्या तबेल्यात शाळा सुरू करणाऱ्या या धर्मगुरूंनी त्यातून उभ्या राहिलेल्या भगिनींच्या संघाची नियमावली तळमळीने लिहिली. परंतु कर्ज वाढू दिले आणि (स्वतः भूगर्भशास्त्राचे जाणकार असूनही) आपल्याला दैवी दृष्टान्त होतात असे सांगणाऱ्या भगिनींवर सहज विश्वास ठेवला. १८७१ मध्ये बिशपांनी चर्चमधून बहिष्कृत केले ते मात्र मेरींना. तो आदेश पुढल्या वर्षी मागे घेतला गेला. म्हणून हिशेबाची वही सुपिरियरकडेच (संघाच्या प्रमुख भगिनीकडेच) असू द्यावी, आणि बिशपांशी मतभेद झाल्यास ते आपण स्वतः जाऊन मांडावेत, भगिनींना मध्ये घालू नये.