आधी कमाल, मग सेक्स्टंट

तारे पाहून अक्षांश काढायचा असेल तर लगेच सेक्स्टंटच्या (तारा आणि क्षितिज यांतला कोन मोजणाऱ्या आरशांच्या उपकरणाच्या) मागे लागू नका. आधी कमाल बनवा, म्हणजे गाठी मारलेला दोरा ओवलेली साधी फळी. अरबी समुद्रातले नाखवे शेकडो वर्षं याच फळीवर बंदर गाठत. १५ सेंमी उंचीचा ताठ पुठ्ठा घ्या, मधोमध भोक पाडून न ताणणारा दोरा ओवा (नायलॉन नकोच). पुठ्ठ्यापासून ४५, ५० आणि ५५ सेंमीवर गाठी मारा: अनुक्रमे मुंबई, रत्नागिरी, पणजी. गाठ दातांत धरून दोरा ताणा, पुठ्ठा दोऱ्याला काटकोनात ठेवा. खालची कड क्षितिजाला टेकली आणि वरच्या कडेवर ध्रुवतारा बसला, की तुम्ही त्या गावाच्या अक्षांशावर आहात, कारण ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, जवळजवळ तितकाच अक्षांश.

चुका बहुतेक क्षितिजाच्या असतात. उत्तरेला डोंगर असेल तर कोन कमी येतो, म्हणून उत्तरेकडे मोकळं पाणी दिसेल अशी जागा शोधा. मिट्ट काळोखात क्षितिज दिसत नाही; संधिप्रकाश संपता संपता किंवा चांदण्यात मोजा. दोरा एक सेंमी चुकला तर ३० ते ४५ किमीचा फरक पडतो!

ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही, सुमारे ०.६ अंश बाजूला, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेला आहे. शर्मिष्ठा त्याच्या वर असेल तर मोजलेल्या कोनातून तेवढं वजा करा, सप्तर्षी वर असतील तर मिळवा. इ. स. १५०० च्या सुमारास हेच अंतर साडेतीन अंशांच्या आसपास होतं, त्यामुळे तेव्हा ही दुरुस्ती टाळणं परवडत नसे.

हात बसला की सेक्स्टंट घ्या. अपोलो यानांतही तो होता, आणि आजच्या उपग्रहांतला स्टार ट्रॅकर ताऱ्यांवरूनच यानाची दिशा ठरवतो.