ताईला विचारा : केस मॅनेजर झाले, पण शिकवणार कोण?

मागच्या अंकात मी हॉस्पिटलातल्या केस मॅनेजरबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, म्हंजे पेशंट ॲडमिट झाल्यापासून घरी नीट पोचेपर्यंत डॉक्टर, बिलिंग, इन्शुरन्स आणि घरचे या सगळ्यांना धरून ठेवणारा माणूस, आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं पान त्यालाच देतेय. मी आधी वॉर्डात सिस्टर होते, नंतर २१ वर्षं पुण्यात याच टेबलावर बसले, त्यामुळे जे लिहितेय ते हाताखालून गेलेलं आहे.

प्रश्न : ताई, मी नाशिकला एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत नऊ वर्षं स्टाफ नर्स होते. दोन महिन्यांपूर्वी मला केस मॅनेजर केलं. ट्रेनिंग काय तर अर्धा दिवस सॉफ्टवेअर दाखवलं. आता दिवसभर टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या) क्वेऱ्या आणि नातेवाइकांची बोलणी. एखादा कोर्स करू, की सरळ परत आयसीयूत जाऊ?

परत जाऊ नकोस, निदान अजून सहा महिने तरी नको. नऊ वर्षं वाया गेली असं तुला वाटत असणार, पण या टेबलावर तुझ्याइतकं भांडवल कुणाकडे नाहीये. बघ ना, 'ॲडमिट करायची गरज काय होती' अशी क्वेरी आली की नुसता कॉमर्स शिकलेला मुलगा डॉक्टरांच्या मागे सही घ्यायला पळतो, आणि तू चार्ट उघडलास की तुला दिसतं की पहिल्या रात्री सॅच्युरेशन किती होतं, ऑक्सिजन किती लिटरवर होता, शिरेतून कुठलं ॲन्टिबायोटिक चालू होतं आणि ते तोंडावाटे का देता आलं नसतं. हेच चार ओळीत लिहून पाठवायचं असतं. ही कला आहे आणि ती वॉर्डातच शिकता येते.

आता शिकायचं काय. पहिलं म्हंजे नियम स्वतः वाचायचा, कुणी सांगितलेला नाही. आयआरडीएआयचं, म्हंजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, २९ मे २०२४ चं आरोग्य विम्याचं मास्टर सर्क्युलर काढ आणि एका रविवारी शांतपणे वाच. कॅशलेसची विनंती आल्यावर विमा कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा, आणि डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत फायनल मंजुरी, त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलनं जास्तीचा चार्ज लावला तर तो कंपनीनं सोसायचा. हे तीन तास सगळ्यांना तोंडपाठ आहेत पण घड्याळ कुठून सुरू होतं ते कुणी बघत नाही. डॉक्टर सकाळी दहाच्या राउंडला 'उद्या नको, आजच सोडा' म्हणतात, पेशंटच्या घरच्यांचं घड्याळ तिथून सुरू होतं, आणि डिस्चार्ज समरी टाइप होते दोनला, न वापरलेल्या औषधांचा फार्मसी रिटर्न निघतो तीनला, एका इम्प्लांटचा स्टिकर सापडत नाही म्हणून बिल अडतं, आणि टीपीएला फाइल जाते साडेचारला. मग रात्री आठ वाजता आपण टीपीएच्या नावानं बोटं मोडतो. तू एक महिना एक साधी वही ठेव, प्रत्येक पेशंटमागे पाच टप्प्यांची वेळ लिही, राउंडची ऑर्डर, समरी तयार, बिल तयार, विनंती गेली, मंजुरी आली. ती वही मेडिकल डायरेक्टरच्या पुढ्यात ठेव. एनएबीएचसाठी, म्हंजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेसाठी, डिस्चार्जला लागणारा वेळ मोजावाच लागतो, तेव्हा ते ऐकतील.

दुसरं, रूम रेंट. पॉलिसीत खोलीची मर्यादा ५,००० ची आणि नातेवाइकांनी हौसेनं ८,००० ची खोली घेतली तर नुसते वरचे ३,००० कापत नाहीत, पॉलिसीत तशी अट असेल तर सर्जनची फी, ओटी, नर्सिंग सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे चार्जेस यात येत नाहीत. हे डिस्चार्जच्या काउंटरवर सांगितलं की भांडण होतं, ॲडमिशनच्या वेळी सांगितलं की लोक थँक यू म्हणतात, वाक्य तेच असतं.

आणि तिसरं कुठल्याच कोर्समध्ये मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट आहे. ७८ वर्षांच्या एक आजी, खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन छान झालं, क्लेम दोन तासांत पास, फाइल इतकी नीटनेटकी होती की मी खूष होते. वॉकर देऊन घरी पाठवलं. त्या राहत होत्या एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर, अरुंद लाकडी जिना, संडास खाली चौकात. आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. मुलांनी खुर्चीत बसवून वर नेलं ते नेलं, मग त्या खाली उतरल्याच नाहीत, सारखं सुनेला उठवायला नको म्हणून पाणी पिणं कमी केलं, आणि एकोणीस दिवसांनी बेडसोर आणि लघवीचं इन्फेक्शन घेऊन परत आल्या. सर्जरीत काही चूक नव्हती. डिस्चार्ज माझा होता. त्यानंतर मी ॲडमिशनच्या दिवशीच विचारायला लागले की घराला जिने किती, कमोड आहे का, रात्री जवळ कोण झोपतं. आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी जी व्यक्ती खरंच करणार आहे तिला बोलावून घ्यायचं. सह्या करायला मुलगा येतो, पण नाकातल्या नळीतून फीड देणार असते सून, आणि ती त्या दिवशी घरी स्वयंपाक करत असते! तिला बोलवायचं, तिच्या हातून एकदा करून घ्यायचं, 'समजलं का' असं विचारायचं नाही, 'आता तुम्ही मला सांगा बघू' म्हणायचं.

कोर्सचं म्हणशील तर आपल्याकडे केस मॅनेजरसाठी वेगळं लायसन्स वगैरे नाहीये. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षांमध्ये आरोग्य विम्याचा पेपर आहे, तो दे, त्यानं विमावाल्यांची भाषा कळते. पण आधी वही.

प्रश्न : मी सोलापूरला एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या मास्टर्सच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्पिटलमध्ये काम करायचंय, पण जाहिरातींमध्ये एमबीए नाहीतर बी.फार्म. मागतात. आमचं शिक्षण जुनं झालंय का ताई?

अजिबात नाही. अगं, मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलात १९४६ साली देशातली पहिली मेडिकल सोशल वर्करची नेमणूक झाली, तेव्हा ना टीपीए होते ना पॅकेज, आणि तरी पेशंट घरी जाऊन जगणार कसा हा प्रश्न तेव्हाही होताच. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या केंद्रीय कायद्यात मेडिकल सोशल वर्कर हे नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. आपल्या राज्यात धर्मादाय हॉस्पिटलांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए खाली १० टक्के बेड निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावे लागतात, आणि त्यांची कागदपत्रं तपासून पेशंटला तो बेड मिळवून द्यायचं काम तुमच्याच माणसाचं.

कमी पडतं ते दुसरीकडे. तुमच्या मुलींना मुलाखत सुंदर घेता येते पण बिल वाचता येत नाही. फील्डवर्कमध्ये आठवड्यातला एक दिवस बिलिंग काउंटरवर बसायला मिळतं का ते तुझ्या सुपरवायझरना विचार, आणि एक दिवस आरोग्यमित्राच्या, म्हंजे सरकारी योजनेसाठी हॉस्पिटलात बसणाऱ्या मदतनीसाच्या, शेजारी. राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कव्हर २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं दीड लाखावरून ५ लाख झालं, उपचार तेव्हा १,३५६ झाले, पांढरं कार्डवालेही आत आले. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढचे सगळे आले, उत्पन्न कितीही असो. हे सगळं दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतं, म्हणून पाठ करण्यापेक्षा कुठे बघायचं हे माहीत असलेलं बरं.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला केस कोऑर्डिनेटर आहे. मॅनेजमेंट म्हणतं पैसे आल्याशिवाय पेशंट सोडू नका. मला वाटतं मी वसुली एजंट झालोय. रात्री झोप लागत नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमची झोप उडाली हे तुम्ही चांगले माणूस असल्यामुळे. आधी कायद्याचं सांगते, बिलासाठी पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवायचा अधिकार हॉस्पिटलला नाही, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत हे स्पष्ट आहे. पैसे वसूल करायचे कायदेशीर मार्ग वेगळे आहेत आणि ते अकाउंट्सनं बघायचे. हे मॅनेजमेंटला तोंडी सांगू नका, ईमेलवर लिहा, शांत भाषेत, 'यात आपल्या हॉस्पिटलची अडचण होऊ शकते' असं लिहा. तेवढ्यानंही बरेच लोक विचार करतात.

पण मला खरं सांगायचंय ते पहिल्या दिवसाबद्दल. पैशाचं बोलणं शेवटच्या दिवसावर ढकललं की ते वसुलीच होतं, दुसरं काही होऊच शकत नाही. पहिल्या चोवीस तासांत अंदाजे खर्च लेखी द्या, रोज संध्याकाळी चालू बिल दाखवा, आणि योजनेत बसतंय का ते आधी बघा. सरकारी योजना पूर्ण कॅशलेस आहे, घरच्यांनी रोख भरून ऑपरेशन उरकल्यावर मागाहून ते योजनेत बसवता येत नाही, आणि मी अशी किती घरं बघितलीत ज्यांनी आधी सोनं मोडलं आणि चौथ्या दिवशी त्यांना कळलं की योजनेत झालं असतं. तुमचं हॉस्पिटल योजनेत नसेल तर पेशंट स्थिर असताना कुठे हलवता येईल हे सांगणंही तुमच्याच कामात येतं, मॅनेजमेंटला आवडो न आवडो. आणि हो, पैशाचं बोलताना पेशंटच्या कॉटजवळ उभं राहून बोलू नका, पेशंट ऐकत असतो. बाहेर बाकावर शेजारी बसून बोला.

प्रश्न : नमस्कार ताई, मी अमेरिकेत न्यू जर्सीत एडिसनला राहते, आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे. बेडसाइड सोडून हॉस्पिटल केस मॅनेजमेंटमध्ये आलेय, दीड वर्ष झालं. केस मॅनेजरच्या सर्टिफिकेट परीक्षांपैकी सीसीएम करू की एसीएम? आणि तुमच्याकडच्या अनुभवाचा इथे काही उपयोग होतो का?

माझी भाची तिकडे हेच काम करते, तिच्याशी दोन रात्री फोनवर बोलून लिहितेय. एसीएम ही हॉस्पिटलमधल्या नर्स आणि सोशल वर्करसाठीच आहे, एका वर्षाचा, म्हंजे २,०८० तासांचा अनुभव लागतो, तो तुझा झालाय. सीसीएम जास्त रुंद आहे, विमा कंपनीत किंवा वर्कर्स कॉम्पमध्येही (कामावर झालेल्या दुखापतींच्या विम्यात) चालते, पण तुझा सुपरवायझर स्वतः सीसीएम असेल तर १२ महिने पुरतात नाहीतर २४ लागतात. सीसीएम दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं आणि त्यासाठी ८० तासांचं शिक्षण दाखवायचं. हॉस्पिटलातच राहणार असशील तर आधी एसीएम कर, असं भाचीचं मत आणि माझंही.

पण सर्टिफिकेटपेक्षा तिनं जे सांगितलं त्यानं मी थक्क झाले. तिकडे पेशंट तीन रात्री कॉटवर झोपलेला असतो आणि कागदावर तो ॲडमिटच नसतो, ऑब्झर्वेशनवर असतो! मेडिकेअर म्हंजे तिकडचा ज्येष्ठांचा सरकारी विमा, त्याच्या साध्या प्रकारात नर्सिंग फॅसिलिटीचा खर्च मिळायला सलग तीन दिवस इनपेशंट लागतात, ऑब्झर्वेशनचे दिवस त्यात धरत नाहीत, आणि घरच्यांना हे कळतं फॅसिलिटीचं बिल आल्यावर. २०१७ पासून पेशंट ऑब्झर्वेशनवर आहे हे सांगणारी मून नावाची लेखी नोटीस द्यावी लागते, पण ती सह्यांच्या गठ्ठ्यात एक कागद म्हणून सरकवली जाते. ती तू बसून समजावून सांग. दोन मध्यरात्रींचा नियम, म्हंजे मुक्काम दोन मध्यरात्री ओलांडेल असं दिसलं तर पेशंटला इनपेशंट धरायचं, हा २०१३ चा, २०२४ पासून मेडिकेअर ॲडव्हान्टेजवाल्यांनाही (मेडिकेअर देणाऱ्या खासगी विमा कंपन्यांना) तो इनपेशंटचा निकष पाळावा लागतो, आणि २०२६ च्या जानेवारीपासून टीम नावाचं मॉडेल निवडक भागांतल्या हॉस्पिटलांना सक्तीचं झालंय, पाच प्रकारच्या सर्जरींमध्ये डिस्चार्जनंतरच्या ३० दिवसांच्या खर्चाची जबाबदारीही हॉस्पिटलवर. बघ म्हंजे, आमच्या वाड्यातल्या आजींचा जिना आता तुमच्याकडे हिशोबात आलाय.

इथल्या अनुभवाचा उपयोग विचारतेस ना, तर आपल्या लोकांसाठी होईल. एडिसनला मुलांकडे आलेले किती आईबाबा असतील, व्हिजिटर असतील तर मेडिकेअर नाहीच, ग्रीन कार्ड असलं तरी ६५ पूर्ण आणि सलग पाच वर्षं राहिलेले असल्याशिवाय ते विकत घेता येत नाही. हे मंडळात, गणपतीत, कुठेही चार घरांना आधी सांगून ठेव. एक मात्र सांभाळ, वॉर्डात मराठी आजोबा आले की तुला मधे पडून दुभाषी व्हावंसं वाटेल, पण औषधाचं आणि सहीचं बोलणं हॉस्पिटलच्या रीतसर दुभाष्यामार्फतच होऊ दे. तू नंतर जा, खुर्ची ओढून बस आणि विचार, 'काका, घरी जिना आहे का?'